कुंडीतली झाडं

जपानमधल्या एका जुन्या नाटकात एक गरीब माणूस कुंडीतल्या झाडावरचा बर्फ हाताने झटकतो आणि क्षणभर त्या झाडाकडे बघत राहतो. किती देखणं दिसतंय, असं त्याला वाटून जातं. आणि मग तो ते झाड तोडतो, विस्तवात घालतो.

हे नाटक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याकडे एकही झाड नव्हतं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा भुसावळच्या आमच्या गच्चीवर वीतभर उंचीचं एक उंबर होतं आणि त्याचा एक उन्हाळा मी कसाबसा निभावून नेला होता. पहिल्या वाचनात बर्फ झटकण्याची ती जागा डोळ्यांखालून सहज निघून गेली होती. दुसऱ्या वेळी मात्र तिथेच थांबले. पुस्तक उपडं ठेवलं आणि गच्चीवर जाऊन आले.

शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा दहावीच्या मुलांना रसग्रहण कसं लिहायचं ते दरवर्षी सांगायचे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. काही जागा आधी हाताला कळतात आणि मग डोक्याला, हे मुलांना कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा ते मलाच माहीत नव्हतं.

नाटकाचं नाव 'हाचि-नो-कि'. 'हाचि' म्हणजे कुंडी, 'कि' म्हणजे झाड. 'बोन्साय' हा शब्द रुळण्याआधी जपानी माणूस अशा झाडांना याच नावाने ओळखायचा. हे नोह परंपरेतलं नाटक, पाचशे वर्षांहून जुनं. आर्थर वेली यांनी १९२१ मध्ये नोह नाटकांच्या इंग्रजी अनुवादांचं पुस्तक काढलं, त्यात ते आहे. वेली जन्मात कधी जपानला गेले नाहीत, तरी त्यांच्या भाषेत त्या रात्रीचा गारठा पुरेपूर उतरला आहे. नोहच्या रंगमंचावर सामान जवळजवळ नसतंच, आणि प्रमुख नट सहसा मुखवटा घालतो. या नाटकात तो घालत नाही. जिवंत, साध्या माणसाची गोष्ट आहे, म्हणून त्याचा चेहरा उघडा. पुढे जे घडतं ते उघड्या चेहऱ्याने करायचं आहे, हे लक्षात ठेवून वाचलं की नटाची कसोटी किती अवघड आहे ते समजतं.

सानो नावाच्या गावी, आजच्या गुन्मा प्रांतात, त्सुनेयो हा पडत्या काळातला सामुराई बायकोबरोबर राहतो. भाऊबंदांनी जमीन बळकावली आहे. बर्फ पडतोय. तो घरी परततो तेव्हा त्याच्या मनात येतं, की श्रीमंतीत हाच बर्फ बघायला आपण हौसेने बाहेर पडायचो, आणि आज पातळ बाह्यांतून तोच बोचतोय. दारात एक प्रवासी भिक्षू उभा आहे, रात्रीपुरता निवारा मागतोय. त्सुनेयो नाही म्हणतो, कारण घरात द्यायला काही नाही आणि त्याचीच त्याला लाज वाटते. भिक्षू निघून जातो. मग बायको बोलते. गेल्या जन्मी काही पुण्य केलं नाही म्हणून ही दशा आली, निदान या जन्मी दारी आलेल्याला तरी परत पाठवू नये, असं तिचं म्हणणं. हे वाचताना जपान मला फार लांबचा वाटला नाही. खानदेशातल्या कुठल्याही ओट्यावर एखादी बाई हेच बोलली असती.

त्सुनेयो धावत बाहेर जातो, हाका मारतो. वाऱ्याबर्फात भिक्षूला ऐकू जात नाही. तो एका जागी उभा राहून बाह्यांवरचा बर्फ झटकतोय. इथे नाटककार जपानी वाचकाला पाठ असलेल्या एका प्राचीन कवितेची आठवण जागी करतो. फुजिवारा तेइका यांची ती कविता सानो याच नावाच्या, पण दुसऱ्या गावच्या नदीच्या उताराविषयीची आहे: बर्फाळ संध्याकाळ, घोडा थांबवून बाह्या झटकायला आडोसाही नाही. म्हणजे बर्फ झटकण्याची कृती नाटकात दोनदा येते. आधी पाहुण्याच्या अंगावरचा बर्फ, नंतर झाडांवरचा. मला यात नाटककाराचं मोठं कसब दिसतं. आधी पाहुण्याला आडोसा मिळाला, आणि त्या आडोशाची किंमत झाडांनी मोजली. दोन्हींच्या मध्ये हाताची तीच हालचाल. नाटककार कुठेही हे बोलून दाखवत नाही.

भिक्षू घरात येतो. जेवायला राळ्याचा भात. मग रात्र वाढते, गारठा वाढतो, आणि जळण संपतं. पूर्वी त्सुनेयोकडे कुंडीतली पुष्कळ झाडं होती. गरिबीत हा शौक बरा नव्हे म्हणून त्याने ती देऊन टाकली. तीन मात्र ठेवली: एक प्लम, एक चेरी आणि एक पाइन. भिक्षू नको नको म्हणत असताना तो ती तोडायला घेतो.

आता माझ्या गच्चीवरचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं वाचन सांगता येणार नाही.

पहिलं झाड ज्युनिपरचं. एका प्रदर्शनात घेतलं. चकचकीत निळी कुंडी, वर पांढरे गोल खडे. ते खडे गोंदाने चिकटवलेले आहेत, हे फार उशिरा लक्षात आलं. रोज सकाळी मी पाणी घालायचे, ते खड्यांवरून ओघळून कडेने खालच्या ताटलीत जायचं, आणि ताटली भरली की मला वाटायचं, झाड पोटभर प्यायलं. ज्युनिपर हिरवंगार होतं. दोन महिन्यांनी सहज एक फांदी चिमटीत धरली तर ती उदबत्तीसारखी कटकन मोडली. ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, आणि त्याला हिवाळ्यात खऱ्या थंडीतली विश्रांती लागते, हे नंतर कळलं. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तिथे ते झाड आणणंच चूक होतं. मेलेल्या झाडाला मी किती दिवस पाणी घातलं असेल, हा विचार अजूनही टोचतो.

उंबर मात्र विकत आणलेलं नाही. जुलैत पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीला भेग पडली होती, त्यात ते उगवलं होतं. गवंडी भेग बुजवायला आला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि प्लास्टर थोडं थोडं उकरून झाड काढलं. त्याचं मूळ भेगेच्याच मापाचं झालं होतं, पट्टीसारखं चपटं. वर चारच पानं. बोन्साय म्हणजे झाडाला बळजबरीने खुजं ठेवणं, असं म्हणणाऱ्यांना मला ते मूळ दाखवावंसं वाटतं. आमच्या भागात जुन्या पुलांच्या, विहिरींच्या, वाड्यांच्या भिंतीत पिंपळ आणि उंबर वर्षानुवर्षं एवढ्याशा मातीवर तग धरून असतात. त्यांना कुणी तबकात लावलेलं नसतं.

मग मातीचा प्रश्न. तापीकाठची काळी माती, तिच्यावर आमची केळी आणि कपाशी. तिच्याबद्दल मनात फार माया आहे, पण उथळ तबकात ती चालत नाही. भिजली की फुगते आणि गच्च बसते, वाळली की भेगाळते, आणि भेग पडताना केसासारखी मुळं तुटतात. म्हणून विटेचा चुरा, जाड वाळू आणि जुनं, पुरतं कुजलेलं शेणखत. विटेचे तुकडे आधी गव्हाच्या चाळणीने चाळायचे, मग पिठाच्या. गव्हाच्या चाळणीतून खाली पडलं आणि पिठाच्या चाळणीत वर राहिलं, तेवढंच घ्यायचं. बारीक भुकटी टाकून द्यायची, ती राहिली की पाणी अडतं आणि मुळं सडतात. पहिल्यांदा मी भुकटी टाकली नव्हती, फुकट कशाला घालवायची म्हणून.

पाणी कधी घालायचं, हे घड्याळाला विचारायचं नसतं, हा सगळ्यात मोठा धडा. बोट मातीत खुपसून बघायचं, नाहीतर उदबत्तीची विझलेली काडी रोवून ठेवायची आणि उपसून पाहायची. काडी ओलसर असेल तर थांबायचं. कोरडी होत आली की पाणी, आणि तेही दोनदा. पहिलं पाणी माती भिजवतं, पाच मिनिटांनी घातलेलं दुसरं खालच्या भोकातून बाहेर येतं. मे महिन्यात हे दिवसातून दोनदा, कधी तीनदा. गच्चीवरच्या पाइपात दुपारभर पाणी उकळलेलं असतं. ते पहिलं पाणी सरळ झाडावर घातलं तर मुळं भाजतात, म्हणून मी माठातलं घालते. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा तांब्यातांब्याचा हिशेब असतो, आणि उंबराचा तांब्या त्यात धरलेला असतो.

उन्हापेक्षा वारा जास्त शोषतो, हे मी यावल-रावेरकडच्या केळीच्या बागा बघून शिकले. उन्हाळ्यातल्या झळांपासून बाग वाचवायला शेतकरी कडेने शेवरी लावतात, नाहीतर हिरवी जाळी बांधतात. मीही गच्चीच्या पश्चिमेला जाळी बांधली, कुंडी दोन विटांवर ठेवली, म्हणजे स्लॅबची धग थेट लागू नये, आणि खाली परातीत ओली वाळू पसरली. सकाळी नवापर्यंतचं ऊन, मग सावली.

आणि तार. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली, गॅसवर लाल होईपर्यंत तापवली, गार केली. अशी तार मऊ होते, फांदीवर तिरकी गुंडाळता येते आणि फांदीला हवं तसं वळण देता येतं. नवशिक्याला बोन्साय म्हणजे ही तारच वाटते. मलाही वाटली. एकुलत्या एका जाड फांदीला मी झोकात वळण दिलं आणि पावसाळ्याचे दिवस तसेच जाऊ दिले. उंबराची फांदी पावसाळ्यात किती झपाट्याने फुगते याचा अंदाज नव्हता. पाच आठवड्यांनी पाहिलं तर तार सालीत रुतली होती. ओढून काढली असती तर साल फाटली असती, म्हणून पक्कडीने तुकडे तुकडे करून काढली. प्रत्येक तुकड्यासरशी पांढरा चीक यायचा. फांदीवर वेटोळ्याचा वण अजून आहे.

आता त्सुनेयोच्या तीन झाडांकडे परत येते.

तो ती एकेक करून तोडतो, आणि प्रत्येकाबद्दल थोडंसं बोलतो. पहिल्यांदा प्लम, कारण सगळी झाडं झोपलेली असताना थंडीत आधी फुलतं ते हेच, म्हणून आधी जाण्याचा मानही त्याचाच. मग चेरी. तिच्याबद्दल तो म्हणतो ते मी पुनःपुन्हा वाचलं. दर वसंतात तिला फुलं थोडी उशिरा यायची, म्हणून हिला काही दुखतंय का, ही खंगत तर नाही ना, असं त्याला वाटायचं आणि त्या काळजीने तो तिला जपायचा. शेवटी पाइन. तिच्या फांद्या त्याने वाकवल्या होत्या, पानं विरळ केली होती, आकार यावा म्हणून कष्ट घेतले होते.

पाचशे वर्षांमागच्या नाटकात फांदी वाकवणं आणि पानं विरळ करणं हे कारागिरीचे शब्द आले आहेत, याचं मला आधी कौतुक वाटलं. पण खरा जीव आहे तो क्रमात. नवशिका पाइनपासून सुरुवात करतो. तार, वळण, आकार. मग चेरीवर येतो: पान पिवळं का पडलं, नवी पालवी उशिरा का, काल पाणी जास्त झालं का? प्लमपाशी तो सर्वांत शेवटी पोहोचतो, जेव्हा झाड आपल्या वेळेला आपण होऊन फुटतं आणि आपण फक्त बघतो. त्सुनेयो उलटा जातो. तो प्लमपासून निघतो आणि पाइनवर थांबतो, म्हणजे ज्या झाडावर हाताचे सर्वांत जास्त कष्ट आहेत ते सर्वांत शेवटी. आगीला द्यायची वेळ आली की माणूस असंच करत असणार.

पाइन तोडताना तो स्वतःची समजूत घालतो. पाइनच्या लाकडाचं नशीबच मुळी धुरात जाण्याचं, मग ती जळणात गेली तर त्यात काय एवढं? ज्याला वाईट वाटलं नाही त्याला अशी समजूत घालावी लागत नाही. आधी एके ठिकाणी हिमपर्वतावर ऋषीसाठी सरपण गोळा करणाऱ्या बुद्धाचाही उल्लेख येतो, आणि सानोच्या त्या झोपडीत आपल्याकडचं काहीतरी अचानक दिसल्यासारखं होतं. पण मला धरून ठेवतं ते हे साधं वाक्य, पाइनचं नशीबच धुराचं. तार सालीत रुतली त्या दिवशी मीही पक्कड हातात धरून असंच काहीतरी पुटपुटले होते, उंबराची जात चिवट असते म्हणून.

आणि बर्फ झटकणं? व्यवहाराने पाहिलं तर ओलं लाकूड नीट पेटत नाही, म्हणून झटकायलाच हवा. पण नाटककार त्याला त्यानंतर बघू देतो. मे महिन्यात संध्याकाळी मी उंबराच्या पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसते. पान तळहातावर धरायचं, देठाकडून टोकाकडे फडकं न्यायचं, दुसरं पान. काम संपलं तरी हात काढावासा वाटत नाही. त्सुनेयोचा हात त्या रात्री असाच रेंगाळला असणार. हजार संध्याकाळी झाडाची धूळ, पाणी, कीड बघितलेल्या माणसाचा हात सवयीनेच झाडावर जातो आणि बर्फ झटकतो, आणि मग त्याला आठवतं की आज हे जाळायचं आहे. पहिल्या वाचनात मला हे त्यागाचं नाटक वाटलं होतं. आता वाटतं, की त्या रात्रीमागे अशा किती संध्याकाळी आहेत, ते सगळं नाटककाराने हाताच्या एका हालचालीत ठेवलं आहे.

तोक्योच्या उत्तरेला ओमिया नावाचं गाव आहे. रेल्वेचं गाव म्हणूनही ते जपानभर ओळखलं जातं. १८९४ पासून तिथे रेल्वेचा कारखाना, मोठं जंक्शन, आणि २००७ पासून रेल्वेचं मोठं संग्रहालय. १९२३ च्या भूकंपात तोक्योची वाताहत झाल्यावर तिथल्या बोन्साय करणाऱ्या माळ्यांनी १९२५ मध्ये याच ओमियात आपलं गाव वसवलं. राहायला येणाऱ्यांसाठी त्यांनी नियम केले: घरी किमान दहा बोन्साय हवेत, फाटक सर्वांसाठी उघडं ठेवायचं, कुंपण जिवंत झुडपांचं हवं, आणि दुमजली घर बांधायचं नाही. १९८९ मध्ये जगभरचे बोन्सायवाले तिथे जमले, २०१० मध्ये बोन्सायचं सरकारी संग्रहालय उघडलं. भुसावळच्या लोकोशेडच्या भोंग्यावर वाढलेल्या माझ्यासारखीला हे वाचून किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही. इंजिनांच्या गावात ही झाडं परकी नाहीत. आमच्याकडे गार्डच्या, ड्रायव्हरच्या घरांत माणूस दोन-दोन दिवस ड्युटीवर असतो, पण घरात कुणीतरी असतं, आणि कुंडीला तेवढंच लागतं.

महाराष्ट्रात या कलेचं मोठं दर्शन पुण्यात झालं. २०१८ च्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांनी ३,३३३ बोन्साय एके ठिकाणी मांडले आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. तेवढी झाडं एकत्र म्हणजे किती हातांचे किती तांबे, हा विचार हल्ली माझ्या मनात सर्वांत आधी येतो.

आपल्या मराठीत मात्र 'बोन्साय' हा शब्द बऱ्याचदा वाईट अर्थाने येतो. वाढ खुंटलेला माणूस, छाटलेली प्रतिभा. शेजारच्या आजींनी तर मला समोरच विचारलं होतं, "काहो बाई, एवढ्याशा ताटलीत झाडाले काहून कोंबलं? जमिनीत मोकयं सोडलं असतं त सावली तरी देलं असतं." मी काहीतरी उत्तर दिलं, ते मलाही पटलं नाही. नंतर विचार करताना 'वामनवृक्ष' हा आपला शब्द आठवला. वामन बुटका खरा, पण गोष्टीत त्याला कुणी लहान म्हणत नाही, कारण तीन पावलं त्याच्या आत असतात. चांगल्या बोन्सायकडे बघताना असंच होतं. वीतभर खोड, पण बुंध्याशी मुळं अशी पसरलेली, की डोळे अर्धे मिटले तर गावाबाहेरचा मोठा उंबर दिसावा. माझं उंबर अजून तिथे पोहोचलेलं नाही. अजून ते भिंतीतल्या रोपासारखंच दिसतं.

पाइन आणि आग या दोन गोष्टी माझ्या वाचनात आणखी एकदा एकत्र आल्या. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबात एक पांढरी पाइन होती, १६२५ पासून कुंडीत जपलेली. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला ती जागा त्यांच्या घरापासून साधारण तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटल्या. अंगणातल्या उंच भिंतीआड झाड उभं राहिलं. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं, आणि हिरोशिमाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला ते झाड बघायला गेले, तेव्हा ही गोष्ट तिथल्या लोकांना कळली. त्सुनेयो परक्या भिक्षूसाठी पाइन जाळतो. यामाकींनी पाइन वाचवली आणि ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांच्या हाती दिली. त्या देण्याचं नाटक अजून कुणी लिहिलं असेल तर माझ्या वाचनात आलेलं नाही. लिहायला हवं.

नाटकाचा उत्तरार्ध मी भराभर वाचते. भिक्षूने नाव विचारल्यावर त्सुनेयो सांगतो, की चिलखत फाटकं असलं, घोडा मरतुकडा असला, तरी कामाकुराच्या राज्यकर्त्यांकडून हाक आली तर मी सर्वांत आधी पोहोचेन. वसंतात खरोखरच हाक येते. लोक हसतात, घोडा चालत नाही, तरी तो पोहोचतो. तिथे कळतं की तो भिक्षू म्हणजे राज्याचा माजी सूत्रधार होजो तोकियोरी. तोकियोरी त्याची सानोची जमीन परत देतो, वर तीन गावं इनाम देतो, तीन झाडांसाठी तीन: नावांतच प्लम, चेरी आणि पाइन असलेली, उमेदा, साकुराई आणि मात्सुएदा. प्रेक्षकांना हा शेवट सुखावतो, आणि त्यात काही चूक नाही. मला मात्र नाटकात न दाखवलेली एक सकाळ हवी असते. भिक्षू निघून गेल्यानंतरची. घरात तीन कुंड्या आहेत, त्यांत माती आहे, खुंटांचे बुडखे आहेत. बायको त्या कुंड्या बाहेर ठेवते की आत? माती ओली आहे का, हे बघायला त्सुनेयो बोट खुपसतो का? उमेदाला प्लमची हवी तेवढी झाडं मिळाली असतील. उशिरा फुलणारी ती चेरी मात्र मिळणार नव्हती.

ज्युनिपरची निळी कुंडी माझ्याकडे अजून आहे. खडे उपटून काढले, आत चिंचेचा एक चिंचोका लावलाय.

गेल्या मे महिन्यात धुळ्याला लग्न होतं, दोन दिवस. निघताना उंबराला भरपूर पाणी दिलं, परातीतली वाळू चिंब केली आणि निभेल असं धरून चालले. परत आले तर विटा होत्या, परात होती, वाळू खडखडीत वाळलेली होती, आणि कुंडी नव्हती. खाली शेजारच्या आजींच्या मोरीशी, रांजणाच्या सावलीत ती सापडली. निम्मी पानं गळालेली. मी फांदीवर नखाने बारीक ओरखडा काढला. साल कोरडी वाटत होती, पण आत ओली, पोपटी रेघ उमटली. आजी मागे उभ्या होत्या. काल दुपारी कपडे काढायला त्या गच्चीवर आल्या, तर झाडाने माना टाकल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. रांजणातलं पाणी दोनदा घातलं म्हणाल्या.

पाऊस पडल्यावर नवी पालवी आली, तांबूस, आणि पानं पहिल्यापेक्षा लहान. आजी हल्ली रोज संध्याकाळी गच्चीवर येतात. एकदा त्यांनी विचारलं, "याले उंबरं लागतीन का कधी?"

मी सांगितलं, लागायला वर्षं जातील. पान लहान होतं, फांदी लहान होते, पण फळ लहान होत नाही. लागलं तर मोठ्या झाडावर लागतं तेवढंच.

त्यांनी कुंडीकडे नीट पाहिलं, मग फांदीवरच्या तारेच्या वणावरून बोट फिरवलं.

"मंग हे फांदी जड होईन," त्या म्हणाल्या. "आतापासूनच टेकू द्या."